पाहण्यासारखे काही नाही

सिहोऱ्यातल्या मराठी घरी पाहुणे आले की त्यांचा बेत ठरलेला असतो. पहिल्या दिवशी भेडाघाट: धुआंधार, संगमरवरी कडे, नावेतून फेरी. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ असला तर जबलपूर. तिथे आणखी काय पाहायचे असे विचारले की मी गढ्याचे नाव घेतो. मदनमहाल, संग्रामसागर, राणीताल. 'महाल' आणि 'राणी' हे शब्द ऐकून मंडळी उत्साहाने निघतात. सिहोऱ्याहून जबलपूर चाळीसेक किलोमीटर. शहर ओलांडायचे, टेकडीच्या पायऱ्या चढायच्या, आणि वर पोचल्यावर दहा मिनिटांत एक वाक्य ऐकायचे. माणसे बदलतात, वाक्य बदलत नाही. "अरे, पण इथे पाहण्यासारखे काहीच नाही."

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या मावसभावाने ते उच्चारले तेव्हा मी प्रथमच त्याला उलट विचारले, "शनिवारवाड्यात काय आहे पाहण्यासारखे?" तो हसला. मग गप्प झाला. शनिवारवाड्यात तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, कारंज्यांची कुंडे आहेत आणि जोती आहेत. आतली इमारत 1828च्या आगीत गेली. तरीही त्या मोकळ्या जोत्यांमध्ये उभा राहिलेला मराठी माणूस इथे काही नाही असे म्हणत नाही, कारण त्याला तिथे सगळे दिसत असते. इथे गणपतीचा रंगमहाल, इथून नारायणराव धावला, ही आनंदीबाई, हा राघोबा. ते दालन त्याच्यासाठी बखरींनी, नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी पुन्हा बांधून दिले आहे. मदनमहाल मात्र प्रत्यक्ष उभा आहे. छप्पर आहे, कमानी आहेत, जिना आहे, आणि आपल्याला काही दिसत नाही.

म्हणजे 'पाहण्यासारखे काही नाही' हा वाङ्मयीन अभिप्राय आहे. गढ्याविषयी आपल्या भाषेत वाचण्यासारखे फार थोडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा लेख त्या उणिवेविषयी आहे, आणि ती कशी भरून निघेल याचा एक नमुना मराठीतच दीडशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवासातून आलेला आहे, त्याविषयीही.

आधी महाल. गढ्याच्या गोंड राजवंशाच्या वंशावळीतल्या मदनसिंहाच्या नावाने तो ओळखला जातो. एका प्रचंड ग्रॅनाइट शिळेवर बसवलेली ही लहानशी, जाड भिंतींची इमारत आहे. समोर खोल्यांची ओळ, तिला घोड्यांची पागा म्हणतात. जवळ पाण्याचे टाके. दिवाणखाना, चौक, नक्षीदार खांब यांतले काही नाही. गच्चीवर गेल्यावर तिचा उपयोग कळतो. चारी दिशांचा मुलूख तिथून दिसतो. ही राहण्याची जागा कमी आणि नजर ठेवण्याची जागा जास्त असावी. 'महाल' या शब्दाने आपली फसगत होते. आपण आरसे आणि झुंबरे शोधतो, आणि इमारत आपल्याला दूरवर पाहायला सांगत असते.

ज्या राज्याची ही चौकी, ते काही लहान नव्हते. संग्रामशाहाच्या नावावर परंपरेने बावन्न गढ सांगतात. त्याचा मुलगा दलपतशाह, त्याची पत्नी चंदेल घराण्यातली दुर्गावती. दलपतशाहाच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने राज्य चालवले आणि 24 जून 1564 रोजी आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना नर्रई नाल्यापाशी ती पडली. शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने स्वतःच कट्यार चालवली. हे आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः अबुल फजलमुळे, म्हणजे ज्याच्या बादशहाने तिच्यावर फौज पाठवली त्याच्या दरबारी इतिहासकारामुळे. तो तिच्या शौर्याची आणि कारभाराची मोकळेपणाने स्तुती करतो. आणि चौरागढच्या तिच्या वाड्याचे वर्णन कधी करतो? तो लुटल्यावर. अलाउद्दीनच्या काळच्या मोहरांनी भरलेले हंडे, सोन्याच्या वस्तू, रत्ने, हजार हत्ती, आणि त्यातले किती आसफखानाने स्वतःकडे ठेवले याची चीड. राजवाड्याचा इतका तपशीलवार हिशेब त्याच्या हयातीत कोणी मांडला नव्हता. तो मांडला गेला तो लूट मोजताना.

इथे मला विष्णुभट गोडसे आठवतात. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, पण इतर भाषांतल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, घरचे कर्ज फेडण्यासाठी 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंड पेटले. यज्ञ राहिला, आणि भटजी झाशीच्या वेढ्यात अडकले. पुढे पंचवीसेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती 1907 साली छापली, पण भाषा घासूनपुसून आणि काही भाग गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. हिंदीत अमृतलाल नागरांनी ती आणली, आणि या शतकात इंग्रजीत तिची एकाहून अधिक भाषांतरे झाली.

या पुस्तकाकडे आपण राणी लक्ष्मीबाईची साक्ष म्हणून पाहतो. मला ते राजवाडा कसा पाहावा याचे पुस्तक वाटते. गोडसे वाड्यात हौसेने गेले नाहीत. त्यांना तिथे काम होते: अनुष्ठान, दक्षिणा, जेवणाची सोय. म्हणून वाड्याच्या कमानींपेक्षा त्यांचे लक्ष वाडा चालतो कसा याकडे जाते. राणी केव्हा उठते, किती वेळ व्यायाम करते, कोणत्या वारी महालक्ष्मीच्या देवळात जाते, कधी पालखीत आणि कधी घोड्यावर. देवळाबाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या गोरगरिबांचा घोळका पाहून ती टोपी, बंडी आणि घोंगडी वाटण्याचा हुकूम देते, तेव्हा ती कनवाळू राणीची गोष्ट होऊन थांबत नाही. एवढे कपडे शिवायचे म्हणजे शिंपी कामाला लागणार, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात असते. वेढ्यात तोफांनी पाडलेले खिंडार रात्रीत बुजवणारे गवंडी त्याला दिसतात, पाण्याची ओढाताण दिसते.

आणि मग लूट. शहर पडल्यावर कोणी काय नेले याचा क्रम गोडसे देतात: आधी सोनेरुपे, मग भांडी, मग कपडे, मग धान्य. झाशी सरकारच्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाची नासधूस ते एका पुस्तकप्रेमी ब्राह्मणाच्या दुःखाने सांगतात. अबुल फजलची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून वाचावी. पहिलीत वस्तू हाती येतात, दुसरीत हातातून जातात. पहिलीत हत्ती मोजले आहेत, दुसरीत घरातले तांब्याचे भांडे. भटजींनी पदरी जमवलेले द्रव्यही त्यात गेले, म्हणून त्या वाक्यांना वजन आहे. राजवाड्यावर लिहिणाऱ्याचे तिथे काहीतरी अडकलेले असावे लागते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

गोडश्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांची नजर यज्ञ, भोजने, दक्षिणा या वर्तुळात फिरते. शिंपी, गवंडी आणि थंडीतले गरीब त्या वर्तुळाच्या कडेला येतात. त्यांच्यातल्या कोणाचे बोलणे आपल्या कानी पडत नाही. त्यांच्या वाटेवर जबलपूर नव्हते, हा त्यांचा दोष नाही. पण त्याच 1857 सालच्या सप्टेंबरात जबलपुरात जे घडले ते मराठीत लिहायला दुसरा कोणी गोडसेही नव्हता. गढा-मंडल्याच्या जुन्या राजवंशातले वृद्ध शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर रोजी तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून जे कागद पुढे आले त्यांत एक कविता होती. शत्रूंचा संहार कर अशी देवीला केलेली प्रार्थना. कमिशनरने तिचे इंग्रजी भाषांतर करून सरकारी कागदांत लावले. त्याच रात्री जबलपुरातली 52वी पलटण बंड करून निघून गेली.

समीक्षेचा धंदा करणाऱ्याने या घटनेपाशी थोडे थांबायला हवे. कवितेचा शब्दशः अर्थ लावून माणसे मारली गेल्याचे हे उदाहरण आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. देवीची स्तुती करताना शत्रुनाश मागणे हा स्तोत्रांचा जुना संकेत. किती स्तोत्रांत तो येतो. कमिशनरला तो संकेत ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही सोयीचा नसेल. राजाला तो संकेत पुरेपूर ठाऊक होता, आणि त्याच्या आडून त्याला जे म्हणायचे होते तेच तो म्हणत होता, हेही खरे असू शकते. दोन्ही वाचने एकाच वेळी हाती धरावी लागतात. जबलपुरात त्या बापलेकांचे स्मारक आहे, पुतळे आहेत, दर वर्षी हार पडतात. पण ती कविता कविता म्हणून वाचल्याचे मराठीत माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आपण ती वाचली नाही याचे एक अडचणीचे कारण असावे. गढ्याच्या राज्याचा शेवट इंग्रजांनी केला नाही. 1742 साली नानासाहेब पेशव्यांच्या फौजांनी मंडला घेतला, त्यात राजा महाराजशाह मारला गेला, आणि त्याच्या वारसावर चौथाई बसली. 1781 साली सागरच्या मराठ्यांनी राज्यच खालसा केले. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत राहिला. शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. तोफेच्या तोंडी गेलेले शंकरशाह राजे होते ते नावाचे. त्यांना नावापुरते राजे आपण करून ठेवले होते.

शनिवारवाड्यात जो मराठी माणूस कारस्थानाचा प्रत्येक धागा ओळखतो, तो मदनमहालाच्या गच्चीवर पर्यटक म्हणून उभा राहतो, ते या विसरण्यामुळे. शनिवारवाड्यातल्या दुःखावर आपला हक्क आहे असे त्याला वाटते. इथल्या दुःखात आपला हात आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठीत नर्मदा परिक्रमेची पुस्तके उदंड आहेत. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथे'पासून जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदेऽऽ हर हर!'पर्यंत, आणि त्यानंतर दर वर्षी भर पडतेच आहे. या वाङ्मयाने मराठी माणसाला नर्मदेच्या दोन्ही काठांवर आणले, ही मोठी गोष्ट. पण त्यातले माझ्या वाचनात आलेले बरेचसे लेखन घाट, आश्रम, सदावर्त आणि स्वतःचे मन यांतच रमते. मंडल्याजवळ रामनगरला गोंड राजा हृदयशाहाचा मोतीमहाल अगदी नर्मदेच्या काठावर उभा आहे. तिथल्या 1667 सालच्या संस्कृत शिलालेखात या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ कोरलेली आहे. राजवाड्याने स्वतःचे पुस्तक स्वतःच लिहून ठेवले आहे. परिक्रमावासी त्याच्या जवळून जातो. त्याला थांबवेल असे एखादे पान मराठीत हवे होते.

ते पान कसे असावे, याचा विचार करताना मी महालातून खाली उतरतो आणि तळ्यांकडे जातो. गढ्याचे वैभव इमारतींत शोधू नये. त्या राज्यकर्त्यांनी पाणी बांधले. संग्रामसागर आजही आहे. पाण्याच्या मधोमध आमखास महालाचे अवशेष, काठावर बाजनामठाचे भैरव मंदिर. राणीताल दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा, आधारताल तिचा मंत्री आधार कायस्थ याच्या नावाचा. राणी, दासी आणि दिवाण यांची तळी एकाच शहरात, आणि तिघांची नावे लोकांच्या तोंडी चारशे वर्षांहून अधिक टिकलेली. दासीच्या नावाचा वाडा मला कुठे आढळला नाही. यांतला आधारताल पाणी धरून आहे. चेरीताल आता वस्तीचे नाव आहे. राणीताल म्हटले की रिक्षावाला क्रीडासंकुलापाशी सोडतो. मदनमहालाच्या टेकडीवरच्या वस्त्याही न्यायालयाच्या आदेशानंतर अलीकडच्या वर्षांत हटवल्या गेल्या. टेकडी मोकळी झाली, महाल दुरूनही दिसू लागला, फोटो चांगले येतात. गोडसे असते तर त्यांनी महालाबरोबर त्या उठलेल्या घरांतली भांडीही मोजली असती. आपल्या लेखनातून ती गळतात, आणि ती गळाली की उरते ते फक्त स्थळदर्शन.

नर्रई नाला बरेल्याच्या बाजूला, मंडला रस्त्यावर. तिथे दुर्गावतीची समाधी आहे. आज तिथे पुतळा, चबुतरा आणि 24 जूनला समारंभ आहे. पण या जागेचे मला आवडणारे वर्णन जुने आहे, आणि ते एका इंग्रजाचे आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन. सिहोऱ्याहून कटनीकडे जाताना लागणारे स्लीमनाबाद त्याच्या नावाचे. गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास त्याने 1837 साली लिहिला. पुढे 1844 साली आलेल्या प्रवासपुस्तकात तो या समाधीविषयी दोन गोष्टी नोंदवतो. शेजारच्या दोन मोठ्या गोल शिळा म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे, ते रात्री अजून वाजतात, असे लोक मानतात. आणि वाटसरू या परिसरात सापडणाऱ्या स्फटिकांतला सर्वांत सुंदर खडा शोधून समाधीवर ठेवतात.

स्लीमनचे पुस्तक राज्यकर्त्याचे आहे. आधीच्या राजवटींचे दोष दाखवत आपल्या राजवटीची बाजू मांडत ते जाते, हे विसरू नये. तरी त्या वाटसरूंना त्याने पाहिले, हे त्याचे ऋण मान्य करावे लागते. त्या लोकांनी राणीविषयी काही वाचलेले नसेल. त्यांना ती जागा पाहण्यासारखी होती, कारण तिथे पोचण्याआधी त्यांना खाली वाकून काहीतरी शोधावे लागे. हातातल्या चार-सहा खड्यांतला कोणता ठेवायचा हे ठरवावे लागे. मला ही समीक्षेची फार चांगली व्याख्या वाटते, पण ती मी ताणणार नाही.

मराठीत गढ्यावर पुस्तक व्हावे असे मला वाटते. ते पर्यटकांसाठीची माहितीपुस्तिका नको, आणि शौर्यगाथाही नको. दुर्गावतीच्या शौर्याला आपल्या विशेषणांची गरज नाही. त्यात अबुल फजलची यादी असावी आणि गोडश्यांची नजर असावी. रामनगरच्या शिलालेखाचे नीट मराठी भाषांतर असावे. शंकरशाहांची कविता असावी, कमिशनरच्या भाषांतरासह, म्हणजे दोन वाचनांतले अंतर दिसेल. गोंडी गीतांत आणि कथांत ही राणी कशी येते, ते गोंडी जाणणाऱ्यांनी लिहावे आणि आपण ऐकावे. आणि 1742 व 1781 ही प्रकरणे असावीत, पेशव्यांच्या आणि सागरच्या कागदांवरून लिहिलेली. ते कागद आपल्या लिपीत, आपल्या मोडीत आहेत. ते वाचू शकणारे लोक पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. गढ्याच्या पायऱ्या चढून दहा मिनिटांत उतरणारेही तिथूनच येतात.

त्या दिवशी मावसभावाची गाडी रात्रीची होती. शनिवारवाड्याच्या प्रश्नानंतर तो बराच वेळ गच्चीवर थांबला. खाली शहर, पलीकडे कुठेतरी संग्रामसागर. त्याने विचारले, "तो आपला पेशवा आला तो कुठल्या बाजूने?" मी मंडल्याची दिशा दाखवली आणि तिथे काय झाले ते सांगितले. तो म्हणाला, "शाळेत नव्हते हे." मग आम्ही उतरलो. बरेल्याला जायला वेळ उरला नव्हता. पायथ्याशी येईपर्यंत त्याने त्या एका वर्षाविषयी आणखी तीन-चार प्रश्न विचारले. दोनांची उत्तरे मी दिली. बाकीच्यांसाठी कोणते पुस्तक वाचावे हे त्याने विचारले, तेव्हा मला इंग्रजी पुस्तकांची नावे सांगावी लागली.